होता होता राहिलेले जमशेदपूर

वरोरा हे गावाचे नाव पुण्यामुंबईकडच्या माणसाला सांगितले की तो ते आधी 'वडोदरा' असे ऐकतो. दुरुस्ती केली की 'वरूड का?' असे विचारतो. चंद्रपूर जिल्हा म्हटले की त्याला वाघ आठवतात आणि मे महिन्यातले ऊन आठवते. पण गाव काही सापडत नाही. शेवटी आपण हार खाऊन म्हणतो, "आनंदवन आहे ना, ते." मग समोरच्याचा चेहरा एकदम उजळतो. "अहो, असे सांगा ना! बाबा आमट्यांचे गाव!" एखादी सासुरवाडी जावयाच्या नावाने ओळखली जावी, तसे आमच्या गावाचे झाले आहे. त्यातली गंमत अशी की हा जावई गावाने खुशीने करून घेतलेला नव्हता. त्याला दारात उभे करायलाही हे गाव एके काळी राजी नव्हते. पुढे त्याचे नाव झाले आणि आम्ही त्याच्या नावाने आपली ओळख सांगू लागलो.

हे लिहायला निमित्त झाले ते एका साध्या प्रकल्पाचे. पदवीच्या वर्गाला 'आपल्या गावाचा इतिहास' असा विषय दिला होता. आलेल्या वह्यांपैकी निम्म्यांत रायगड होता आणि उरलेल्यांत चंद्रपूरचा परकोट. एकाने भद्रावतीच्या विजासन लेण्यांची चित्रे चिकटवली होती. तो त्यातल्या त्यात घराजवळ पोहोचला होता. वरोऱ्यावर कोणी लिहिले नव्हते. विचारले तर एकाने सरळ सांगितले, "सर, आपल्या गावात इतिहास कुठे आहे? किल्ला नाही, राजा नाही, लढाई नाही." इतिहास म्हणजे तट, बुरूज आणि तलवार, ही समजूत आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो असल्यामुळे त्याच्यावर रागावण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता. मात्र त्याचे म्हणणे चुकीचे होते. वरोऱ्याला इतिहास आहे, आणि तो दोन नकारांचा आहे. पहिला नकार वरोऱ्याला मिळाला. दुसरा वरोऱ्याने दिला. पहिल्याची हळहळ गावातले काही जुने जाणते अजून करतात. दुसऱ्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पहिला नकार कोळशाचा आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली जो दगडी कोळसा आहे तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा. भूवैज्ञानिक ज्या थरांना 'गोंडवन' म्हणतात त्यांतला. हे नाव आपल्याच मुलखातले. गोंडांच्या प्रदेशावरून ते खडकांना दिले गेले आणि पुढे तुटून विखुरलेल्या एका अख्ख्या महाखंडाला मिळाले. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये संपले. पण जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत त्यांच्या जमातीचे नाव कायमचे जाऊन बसले. आमच्या विद्यार्थ्यांना राजा हवाच असेल, तर इतका मोठा मुलूख नावावर असलेला दुसरा कुठे मिळणार?

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदाही इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर मेजर ल्युसी स्मिथ याने जिल्ह्याचा कोळसा सरकारच्या नजरेत भरवण्यासाठी पुष्कळ खटपट केली. जमाबंदीच्या कामात गुंतलेल्या अधिकाऱ्याने कोळशाच्या मागे लागावे याला कारण होते. आगगाडी नागपुरापर्यंत पोहोचली होती आणि तिच्या इंजिनांना कोळसा लागत होता. बंगालचा कोळसा लांबून आणावा लागे, विलायतेचा त्याहून लांबून. मधल्या मुलखात कोळसा सापडणे ही सरकारच्या लेखी सोन्याच्या खाणीपेक्षाही मोठी गोष्ट होती. वरोऱ्यात तो सापडला. १८७० च्या दशकात येथे सरकारने स्वतःची खाण चालवायला घेतली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग आणला.

या लोहमार्गाचे नाव होते 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. नाव मोठे प्रामाणिक आहे. त्यात कोळसा आहे, सरकार आहे, वर्धा आहे. माणसे नाहीत आणि वरोराही नाही. गाडी कोळशासाठी होती, प्रवासी त्यात सोयीने बसत. तरीही या गाडीने गावाचे नशीब पालटले यात शंका नाही. रूळ वरोऱ्यात येऊन थांबत आणि त्यापुढे दक्षिणेकडे सारे बैलगाडीचे राज्य. जेथे रूळ संपतात त्या गावाला एक वेगळीच ऐट येते. पुढच्या साऱ्या मुलखाचा माल तेथे येऊन पडतो, व्यापारी दुकाने थाटतात, हमाल मिळतात, धर्मशाळा भरतात. चांदा हे जिल्ह्याचे ठाणे. पण चांद्याला जाणाऱ्या साहेबालाही वरोऱ्यास उतरूनच पुढची वाट धरावी लागे. नगरपालिका १८६७ मध्येच स्थापन झाली होती. १९०१ च्या खानेसुमारीत गावची वस्ती दहा हजारांच्या घरात होती, आणि त्या काळच्या चांदा जिल्ह्यात हा आकडा लहान नव्हता.

आता येथे जमशेटजी टाटा येतात. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले त्याच दिवशी, नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईतला कापडधंद्याचा थाट सोडून हा माणूस नागपुरात का आला, याचे उत्तर साधे आहे. कापूस येथे पिकत होता आणि कोळसा वरोऱ्यात निघत होता. पुढे १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या हाती पडला. विषय होता चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या धंद्याची शक्यता. जिल्ह्यातल्या लोहारा येथे उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा साठा आहे, आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्यास कोळशाची खाण चालू आहे, असे त्यात होते. जमशेटजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. हिंदुस्थानात पोलाद तयार करायचे, हा ध्यास त्यांना लागला त्याच्या मुळाशी हा चांद्याचा अहवाल आहे. म्हणजे भारतीय पोलादाचे पहिले स्वप्न पडले ते आमच्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून.

जमशेटजींनी लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांचे नमुने परीक्षेला पाठवले. खनिज उत्तम ठरले. कोळसा नापास झाला.

हे नापास होणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण गावात त्याविषयी फार गैरसमज आहेत. वरोऱ्याचा कोळसा जळत नव्हता असे नाही. उलट तो जरा जास्तच जळे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला ढिगात पडल्या पडल्या आपोआप धुमसून पेट घेण्याची खोड आहे आणि या खोडीने खाणवाल्यांना कायम हैराण केले. इंजिनाच्या बंबात तो चाले, गिरणीच्या बॉयलरखाली चाले. पण लोखंड गाळण्याच्या उंच भट्टीत नुसती आग पुरत नाही. तेथे कोक लागतो. कोळसा हवेशिवाय तापवला असता तो मऊ व्हावा, फुगावा आणि मग एकजीव होऊन कडक, सच्छिद्र असा गोळा बनावा. त्या गोळ्याने वरून पडणाऱ्या खनिजाचा सारा भार पेलावा आणि तरीही मधून वारा खेळू द्यावा. हे सर्वच कोळशांना साधत नाही. वरोऱ्याच्या कोळशाला ते साधले नाही. भट्टीत घातला की त्याचा भुगा होई. त्यातच खाणकामाच्या परवान्याच्या सरकारी अटी जाचक होत्या. बेत बारगळला.

विसाव्या शतकाच्या आरंभी, अटी सैल झाल्यावर, टाटांनी पुन्हा चांद्यापासूनच सुरुवात केली. सी. एम. वेल्ड नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने बैलगाडीतून आणि पायी हा मुलूख पालथा घातला. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला: मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे खनिज येथे नाही आणि कोकाजोगा कोळसा नाही. परवाना परत करायला जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असताना वाट पाहता पाहता समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथे मांडलेल्या भूस्तरांच्या नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोखंड दिसले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या लोखंडाची वार्ता कळवली. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, साकची या खेड्यात कारखाना उभा राहिला, १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये त्या खेड्याचे नाव जमशेदपूर झाले. कोळसा झरियाहून येत होता. झरियाचा कोळसा परीक्षेत पास झालेला होता.

ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे असा वरोरेकर ती सांगताना शेवटी एक उसासा टाकतोच. "आपला कोळसा तेवढा बरा असता, तर आज वरोऱ्याचे जमशेदपूर झाले असते." हा उसासा मी चहाच्या टपरीवर ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे आणि एकदा तर रेल्वे फाटक उघडण्याची वाट पाहताना, न थांबता धडधडत गेलेल्या गाडीकडे बघत ऐकला आहे. मग कल्पनेचे इमले चढतात. गावाला नियोजित रस्ते मिळाले असते, बागा मिळाल्या असत्या, प्रत्येक घरातला एक तरी माणूस 'कंपनीत' असता. या इमल्यात साकचीच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या संथाळ आणि हो लोकांचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वरोऱ्याचे जमशेदपूर झाले असते तर त्या जागी येथले गोंड, माना आणि कोहळी असते, आणि कदाचित हा उसासा टाकणाऱ्यांचे आजेही असते. मोठ्या कारखान्याच्या स्वप्नात आपण नेहमी मॅनेजरच्या बंगल्यात राहत असतो. ज्याच्या शेतावर तो बंगला उभा राहिला तो माणूस स्वप्नात येत नाही.

१९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. सुमारे पस्तीस वर्षे चाललेला संसार आटोपला. बल्लारपुरास नवा कोळसा सापडला होता. रूळही त्याच सुमारास पुढे बल्लारपूरकडे सरकले आणि वरोऱ्याचे शेवटचे स्टेशन मधले स्टेशन झाले. शेवटच्या स्टेशनावर प्रत्येकाला उतरावेच लागते. मधल्या स्टेशनावर ज्याचे काम असेल तोच उतरतो. १९२९ मध्ये काझीपेठ ते बल्लारशाह हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास थेट गाड्या सुरू झाल्या. आता सारा हिंदुस्थान वरोऱ्यावरून जाऊ लागला, पण वरोऱ्याला मात्र येईनासा झाला. गाव कापसाच्या आणि तहसिलीच्या कामावर जगू लागले. येथे कोर्ट होते, म्हणून वकील होते. त्या वकिलांत एक होते मुरलीधर देविदास आमटे.

येथून दुसरा नकार सुरू होतो.

आमट्यांचा जन्म हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४ चा. घर जमीनदाराचे. वरोऱ्यात त्यांची वकिली चांगली चालत होती आणि ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. मैला वाहणाऱ्या कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्या तेव्हा, हे काम करून तर पाहा, अशा अर्थाचे आव्हान त्यांच्यापुढे आले. आणि उपाध्यक्ष महाशय खरोखरच काही महिने डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन गावातून फिरले. गावाने याकडे कशा नजरेने पाहिले असेल, याची कल्पना ज्याला लहान गावाचा अनुभव आहे त्याला करता येईल. वकिलाला वेड लागले असे म्हणणे सर्वात सोयीचे होते. याच काळात पावसात भिजत पडलेला, कुष्ठाने झडलेला तुळशीराम त्यांना दिसला. आमटे त्याला पाहून प्रथम घाबरून पळाले, मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परतले. ही कबुली त्यांनी आयुष्यभर लपवली नाही. माझ्या मते आनंदवनाच्या साऱ्या इतिहासात हे पळून जाणे परत येण्याइतकेच मोलाचे आहे. कारण त्यामुळे भीती ही फक्त गावाची उरत नाही. बाबांनाही ती वाटली होती.

१९४९ मध्ये 'महारोगी सेवा समिती, वरोरा' ही संस्था निघाली. आमटे कलकत्त्याला जाऊन उष्णदेशीय रोगांच्या संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करून आले. गावालगतची ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन सरकारने दिली. जून १९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तेथे राहायला गेले. जमीन अशी की गावातल्या एकाही शेतकऱ्याने तिच्यावर हक्क सांगितला नव्हता. कोणालाच नको असलेली जमीन आणि कोणालाच नको असलेली माणसे, अशी ही जोडी होती. त्या माणसांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली, दगड वेचले आणि भाजीपाला पिकवला. भाजी उत्तम आली. ती वरोऱ्याच्या बाजारात पोहोचली आणि वरोऱ्याने ती घेतली नाही.

येथे गावाची बाजू मांडणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे, कारण आज मागे वळून गावाला दुष्ट ठरवणे फार सोपे आहे. हान्सेन याने कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये शोधला होता; पण त्यावर खरा गुण देणारी सल्फोन वर्गातली औषधे १९४० च्या दशकात आली. १९५१ मधल्या वरोरेकराने या रोगातून बरा झालेला माणूस जन्मात पाहिलेला नव्हता. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते आणि भाजीतून हा रोग पसरत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. इतकेच नव्हे, तर कायदा त्याच्या भीतीच्या बाजूने होता. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने निर्धन कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडून कोंडण्याची मुभा पोलिसांना दिली होती. आणि अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे बाजारात वांगी नाकारणारी बाई जे करत होती, तेच त्या काळचे शहाणे, शिकलेले सरकारही कागदावर करत होते.

हे सारे मान्य करूनही नकार हा नकारच राहतो. कारण त्या नकाराची किंमत बाईने दिली नाही, सरकारनेही दिली नाही. ज्यांनी ती वांगी पिकवली त्यांनी दिली.

हा नकार मोडला कसा, याची हकिकत आनंदवनात सांगितली जाते ती अशी. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने विटा वाहिल्या, इमारती उभ्या केल्या आणि मुख्य म्हणजे तेथलेच अन्न तेथल्याच पंगतीत बसून खाल्ले. गाव लांबून पाहत होते. गोरी माणसे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहून गावाचा धीर चेपला आणि भाजी खपू लागली. या हकिकतीचा आनंद मानताना मला नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होते. आपल्याच शेजाऱ्याच्या हातची भाजी निर्धोक आहे याचा दाखला आम्हाला युरोपातून मागवावा लागला. वर्षानुवर्षे त्याच पंगतीत जेवणारे साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुले हा पुरावा आम्हाला पुरला नव्हता. त्या काळी आयएसआय शिक्का नवा होता. आम्ही त्याच्याही पुढे जाऊन भाजीवर परदेशी शिक्का मागितला.

त्यानंतरचा भाग सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला उपरोध मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतो. वरोऱ्यातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी नागपूर किंवा चंद्रपूर गाठावे लागे. १९६४ मध्ये आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या हातची भाजी गावाने नाकारली होती, त्यांच्या श्रमातून आणि त्यांच्या आवारात गावाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभे राहिले. सर्वसाधारणपणे धडधाकट समाज कुष्ठरोग्यांना दान देतो. येथे कुष्ठरोग्यांनी धडधाकट समाजाला दान दिले आणि समाजाने ते निमूटपणे घेतले. ज्या घरांत एके काळी आनंदवनाची भाजी चालत नव्हती, त्या घरांत पुढे आनंदवनाची पदवी भिंतीवर चौकटीत लागली.

आता गावात विचारून पाहा. प्रत्येक जुन्या घराण्याने आनंदवनाला पहिल्या दिवसापासून मदत केलेली आढळेल. ज्यांनी भाजी घेतली नाही ते लोक बहुधा दुसऱ्याच गावचे असावेत. आमच्याकडे वर्धापनदिनाच्या स्मरणिका निघतात, त्यांत प्रत्येक आजोबा दानशूर असतात, प्रत्येक संस्था अग्रगण्य असते आणि प्रत्येक सभा खेळीमेळीत पार पडते. स्थानिक इतिहास म्हणून जे लिहिले जाते ते बरेचसे या स्मरणिकांच्या भाषेत. त्यात खाण बंद पडत नाही, 'कालांतराने' ती नसते. त्यात बहिष्कार नसतो, 'सुरुवातीच्या अडचणी' असतात. 'कालांतराने' आणि 'सुरुवातीच्या अडचणी' या दोन शब्दप्रयोगांनी विदर्भातल्या जेवढ्या गोष्टी झाकल्या आहेत तेवढ्या वर्धा नदीच्या पुरानेही बुडवल्या नसतील.

एवढ्या जुन्या गोष्टी उकरून काय साधायचे, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की त्या पुरेशा जुन्या झालेल्या नाहीत. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा काही राज्यांनी आपापल्यापुरता आधी काढून टाकला होता; पण केंद्राच्या पुस्तकातून तो रद्द व्हायला २०१६ उजाडले. जोडीदाराला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत लिहिलेले होते. तोवर या रोगावरची बहुविध औषधोपचारपद्धती येऊन जवळजवळ चार दशके झाली होती. औषध आधी पोहोचले, कायदा त्याच्या मागून आला आणि मन अजून वाटेतच आहे. ज्या गावाने हा सारा प्रवास स्वतःच्या बाजारपेठेत अनुभवला, त्या गावाने तो लपवून ठेवावा हा करंटेपणा आहे. आनंदवनाचे मोठेपण सांगताना आपण वरोऱ्याचा नकार वगळला, तर ते मोठेपण कशावर मात करून उभे राहिले हेच कळत नाही. मग बाबा आमटे एक जन्मजात संत ठरतात आणि आपण जन्मजात भक्त. दोघांनाही कष्ट पडलेले नसतात.

पहिल्या नकाराचेही तसेच. कोळसा आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या भद्रावतीत केव्हाच परतला आहे. माजरीच्या खाणी आहेत; वरोऱ्याजवळ २०१३ पासून ६०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. तिकडे गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज निघू लागले आहे आणि पोलादाच्या कारखान्यांची बोलणी पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी बारगळलेला बेत जरा पूर्वेला सरकून पुरा होतो आहे, असेही कोणी म्हणेल. होवो बापडा. पण या वेळी कोळशाची आणि खनिजाची परीक्षा घेताना आणखी एका गोष्टीची परीक्षा घ्यावी: त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसे हिशेबाच्या वहीत कोठे लिहिली जाणार आहेत? वर्धा कोल स्टेट रेल्वेच्या नावात ती नव्हती. १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरमध्ये जिल्ह्याची एकूण एक टेकडी आणि ओढा सापडतो. वरोऱ्याच्या खाणीत उतरलेल्या एकाही मजुराचे नाव मात्र सापडत नाही. जे एकदा झाले ते पुन्हा होऊ नये यासाठीच तर इतिहास शिकवायचा.

माझी मागणी मोठी नाही. पुतळा नको, प्रवेशद्वार नको. वरोऱ्याला आधीच पुरेशी प्रवेशद्वारे आहेत आणि त्यांतून आत शिरल्यावर रस्त्यावर खड्डेच लागतात. जुन्या खाणीच्या जागी चार ओळींची एक पाटी असावी: येथे सरकारी कोळशाची खाण होती, ती १९०६ मध्ये बंद पडली, या कोळशाने गिरण्या आणि गाड्या चालवल्या. आणि दुसरी पाटी भाजीबाजारात असावी: या बाजाराने एके काळी आनंदवनाची भाजी नाकारली होती. दुसऱ्या पाटीला नगरपरिषदेची मंजुरी मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तूर्त मी ती येथे लिहून ठेवतो.

त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. वह्या परत केल्या आणि सांगितले की पुस्तकातले काही नको. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाशी बोला आणि तो सांगेल ते लिहा. 'आपल्या गावात इतिहास कुठे आहे' असे म्हणणारा मुलगा पंधरा दिवसांनी दीड पान लिहून घेऊन आला. त्याची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आईबरोबर बाजारात गेली असता तिला एका कोपऱ्यात मोठमोठ्या भोपळ्यांचा ढीग दिसला होता. ती तिकडे धावली, तर आईने दंडाला धरून ओढले आणि म्हणाली, "तिकडचं हाय थे." एवढेच. का, ते सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. आजीला आता बाकी फारसे आठवत नाही, पण दंडाला बसलेला तो हिसका आठवतो. मुलाने खाली लिहिले होते की आजीने हे आजवर घरात कोणालाच सांगितले नव्हते, आणि सांगून झाल्यावर तिने विचारले, "हे कॉलेजात वाचून दाखवतील काय?"

वर्गात मी ते वाचून दाखवले. त्या दीड पानात किल्ला नव्हता, राजा नव्हता, लढाईही नव्हती. वर्ग मात्र कधी नव्हे इतका शांत होता.